किमतीखाली लिहू नये

कुणी विकायला काढलेल्या वस्तूच्या फोटोखाली ‘किंमत जरा जास्त वाटते’ असं लिहिलेलं दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुला घ्यायचंय का ते? नाही ना? मग चारचौघांच्या देखत दुसऱ्याच्या घरातल्या जिनसेची लायकी काढायचं काम तुला दिलं कुणी? हा राग मुळात माझा नाही. तो मला कावेरीअक्कांनी लावला. त्याआधी मीही त्याच टोळीत होते आणि चांगली पुढे पुढे होते.

मी कोल्हापूरची. अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून चेन्नईत आले आणि अण्णा नगरमध्ये पाच इमारतींच्या एका वसाहतीत भाड्याने राहू लागले. वसाहतीचा फोनवर एक ग्रुप होता, वापरलेल्या वस्तू विकायचा. फोटो टाकायचा, किंमत लिहायची, ज्याला हवं तो संपर्क करणार. रिकाम्या घरात मला सगळंच हवं होतं, त्यामुळे मी तो ग्रुप सकाळी वर्तमानपत्र वाचावं तसा वाचायची. ग्रुपच्या अॅडमिन होत्या कावेरीअक्का.

सगळे त्यांना कावेरी मॅम म्हणत. मी नंतर अक्का म्हणायला लागले. त्या तंजावूरकडच्या मराठी, कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. वय सत्तरीच्या पुढे. अंगकाठी किडकिडीत, सुती साडी कडक इस्त्रीची, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. नवरा वारल्यावर मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्याआधी पुष्कळ वर्षं त्यांनी विल्लीवाक्कमला टाइपिंगचा क्लास चालवला होता, आणि तो बंद झाल्याचं त्यांच्या बोटांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बोलता बोलता बोटं टेबलाच्या कडेवर चालू असायची. फोनवर अंगठ्याने लिहिणारी माणसं त्यांच्या मते निरक्षर. ग्रुपच्या सूचना त्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून, समोरच्या भिंतीकडे बघत, दहा बोटांनी टाइप करायच्या. सोमवारी सकाळी सहाला सूचना यायची. वर मथळा, खाली समास सोडून नियम. नियम दहा होते, पण त्यातला एकच खरा. किमतीखाली काही लिहायचं नाही. हवं असेल तर विकणाऱ्याला खाजगीत विचारा. नको असेल तर पुढे जा. लिहिलंत तर आठ दिवस ग्रुपबाहेर.

‘जास्त’ लिहायचं नाहीच, पण ‘स्वस्त’सुद्धा लिहायचं नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलाने एकदा कुणाच्या सायकलीखाली ‘वाजवी किंमत’ असं कौतुकाने लिहिलं, तर त्यालाही आठ दिवस बाहेर बसवलं. तो बिचारा जिन्यात भेटेल त्याला हसत सांगत होता. अक्का हसत नव्हत्या. स्वस्त म्हटलं की विकणारा घरी जाऊन हळहळत बसतो, आपण फसलो म्हणून, असं त्यांचं म्हणणं. आणि आज एकाला स्वस्त म्हणायची मुभा दिली की उद्या दुसऱ्याला महाग म्हणायची द्यावी लागते.

मी सूचना वाचलीच नव्हती. एवढी टापटीप सूचना कोण वाचतं? बी इमारतीतल्या शेषाद्रीमामांनी ग्राइंडरचा फोटो टाकला होता. इडली-डोशाचं पीठ वाटायचा, दगडी, चांगला बादलीएवढा. किंमत सहा हजार. मी खाली लिहिलं, अंकल, एवढ्यात नवा कोरा येतो, वॉरंटीसकट. पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले दोन चेहरे आणि दुकानाची लिंक. पटापट दहाबारा जणांनी त्यावर हसणारे चेहरे टाकले. कुणी म्हणालं, अंकल बहुतेक आतल्या पिठासकट विकतायत. नव्या गावात इतक्या लवकर आपला विनोद चालला म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर दोन टकटक झाल्या. अक्का घंटा वाजवत नसत. घंटा कुरिअरवाल्यांसाठी असते असं त्यांचं मत होतं. दार उघडलं तर त्या छत्री टेकून उभ्या.

“तुम्हीच कां ती कोल्हापूरची?”

मी हो म्हटलं. चेन्नईत दारात कुणी मराठी बोलतंय याचंच मला अप्रूप वाटलं होतं. ती मराठी जुन्या पत्रातली वाटायची, आणि सूर मात्र पुरता तमिळ, वाक्याचं शेपूट वर उचललेलं.

“तुम्हांस तो ग्राइंडर पाहिजे कां?”

“नाही हो, मी कुठे...”

“वेणुमा, वेंडामा? पाहिजे की नको, एवढंच विचारते.”

“नको.”

“सरी, बरं. मग काल तुम्ही त्यांच्या स्वैंपाकघरांत काय करत होतांत?”

त्यांनी मला चप्पल घालायला लावली आणि सरळ शेषाद्रीमामांकडे नेलं. मामा ऐंशीचे असतील. ग्राइंडर त्यांनी हॉलमध्ये वर्तमानपत्रावर पुसून ठेवला होता. घरातली खरेदी आयुष्यभर बायकोने केलेली. ती वारल्यावर एवढं पीठ वाटायचं कुणासाठी, म्हणून विकायला काढलेला. किंमत भाच्याने फोनवर सांगितली ती लिहिली. लोक हसल्यावर त्यांनी फोटो काढून टाकला होता. आम्ही आलो तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून तमिळमध्ये म्हणाले, “तप्पा एळुदिट्टेना?” चुकीचं लिहिलं का मी? माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस मला विचारत होता. मग त्यांनी कॉफी केली, स्वतःच्या हाताने, आणि पहिला पेला मला दिला.

कुणाला वाटेल की मला तिथल्या तिथे पश्चात्ताप झाला. तसं काही नाही. मला अक्कांचा संताप आला. ही कोण मला हाताला धरून शाळकरी पोरीसारखी फिरवणार, आणि वर आठ दिवस ग्रुपबाहेर बसवणार? दोन हसरे चेहरे टाकले तर काय डोंगर कोसळला? महिनाभर मी जिन्यात त्यांना टाळत होते. शेषाद्रीमामांचा उभा राहिलेला चेहरा आठवला की अक्कांवर आणखी चिडायचे.

त्या ग्राइंडरचं पुढे काय झालं ते ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलं. अक्का मामांच्या घरी तासभर बसल्या, ग्राइंडर चालवून पाहिला, आणि तो बाजूच्या गल्लीतल्या, घरून डोशाचं पीठ विकणाऱ्या एका बाईंकडे गेला. अक्कांनी ग्रुपवर लिहिलं, ‘विकला गेला.’ खाली सी इमारतीतल्या मुरलीने विचारलं, कितीला? अक्का म्हणाल्या, विकला गेला. मुरली म्हणाला, ते समजलं मॅम, पण शेवटची किंमत काय ठरली? अक्का म्हणाल्या, विकला गेला. वर तिन्ही वेळा पूर्णविराम.

आता या मुरलीबद्दल सांगितलं पाहिजे, जरी माझी इच्छा नाही. चाळिशीचा, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारा. आमच्या ग्रुपचा हा स्वयंघोषित भाव-निरीक्षक. कुणी काहीही टाकलं, की हा दुकानातला नव्याचा भाव शोधून काढायचा आणि जनहितार्थ चिकटवायचा. अक्का त्याला आठ दिवस बाहेर काढायच्या, नवव्या दिवशी तो पुन्हा हजर. पारदर्शकता हा त्याचा लाडका शब्द. त्याने त्या ग्रुपवर स्वतः एक चमचाही कधी घेतलेला नव्हता. तो मनाने वाईट नाही असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. रोज दुसऱ्याच्या फोटोखाली नाकाने कांदे सोलायचे आणि त्याला सेवा म्हणायचं, ही माणसं मला वाईट माणसांपेक्षा जास्त चीड आणतात.

अक्कांचं आणि माझं जमलं ते माझ्या लॅपटॉपमुळे. मी नवा घेतला आणि जुना ग्रुपवर टाकला, पंधरा हजारांना. चांगला होता, भाव बरोबर होता. दोघातिघांनी विचारलंही. संध्याकाळी दोन टकटक. अक्का आत येऊन बसल्या, पेला ओठाला न लावता वरून पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, “ही झाली ग्रुपची किंमत. आतां दुसरी सांगा.”

दुसरी कुठली? मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील तंजावूर जिल्ह्यात एका जमीनदाराचे कारभारी होते. बैल घ्यायला बाजारात जायचे, तेव्हा एकदोनदा या लहानगीलाही नेलेलं. बैल उभा, मालक उभा, भोवती बघे उभे. पण किंमत कुणी तोंडाने बोलायचं नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल काढायचा, मालकाच्या हातावर टाकायचा, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. मालक उलट बोटं दाबायचा. जमलं तर जमलं, नाहीतर टॉवेल पुन्हा खांद्यावर. मी म्हटलं, आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारातही असं रुमालाखाली चालतं असं ऐकलंय, पण ते दलालांच्या चलाखीसाठी असतं ना? अक्का म्हणाल्या, चलाखी करणारे करतेत, पण कारण दुसरं आहे. अडलेला मालक कमीत देतो, पैसे कमी पडणारं गिऱ्हाईक कमीत मागतं, आणि ते जगाने बघायचं नसतं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही त्याच गावात तोंड दाखवायचं असतं.

एवढं सांगून त्यांनी माझ्या ओट्यावरचा हात पुसायचा नॅपकिन उचलला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी तीन बोटं दाबली. “हजार,” म्हणाल्या.

पंधराचे तीन! मी पाच बोटं दाबली. त्यांनी पुन्हा तीन, आणि या वेळी जोरात. इतकी वर्षं टाइपरायटर बडवलेली बोटं होती ती. मला हसू फुटलं आणि मी हो म्हटलं. फुकट देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, फुकटचं ती घेणार नाही. ती कोण हे विचारायचं नाही, ही अट.

पण लॅपटॉप म्हटल्यावर पासवर्ड आला, काय कुठे आहे ते दाखवणं आलं. त्यामुळे अक्का मल्लिकाला घेऊन माझ्याकडे आल्या. वसाहतीतच तीन घरी स्वयंपाक करायची, त्यातलं एक मुरलीचं. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. लग्नाआधी अक्कांच्या क्लासमध्ये टाइपिंगची पहिली परीक्षा पास झालेली. अक्कांना ती टीचर म्हणायची आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसे, त्यांनी दोनदा सांगेपर्यंत. दर रविवारी अंबत्तूरला ती कॉम्प्युटरवर हिशेब लिहायचा कोर्स शिकत होती. तिकडच्या एखाद्या छोट्या कारखान्यात कारकुनाची जागा मिळवायची आणि लोकांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं, एवढं तिच्या डोक्यात होतं. सरावाला घरी यंत्र नव्हतं. आणि नोकरी हातात पडेपर्यंत तिन्ही घरांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. लागला की ती घरं दुसरी बाई बघणार आणि मल्लिका दोन्हीकडून जाणार. तिने मोजून तीन हजार दिले, लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, वर भाजी ठेवली आणि गेली.

दार लावून घेताना अक्का मला म्हणाल्या, “पाहिलंत ना तिला? आतां विसरा.”

मी म्हटलं, विसरले.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या मागे मागे असायची. कुणाकडे पाळणा आहे, कुणाकडे टेबल आहे, कुणाला हवंय पण ग्रुपवरची किंमत झेपत नाही, हे त्यांना बरोबर माहीत असायचं. विकणाऱ्याकडे जाऊन दुसरी किंमत मागायच्या. कुणी दिली नाही तर रागवायच्या नाहीत. रागवायच्या ते फक्त किमतीखाली लिहिणाऱ्यांवर, आणि ते त्यांचं रागवणं बघण्यासारखं असायचं. आवाज चढत नसे. बोटं टेबलावर भराभर चालायला लागायची. एका तरुण जोडप्याने कुणाच्या पलंगाखाली ‘या भावात झोप लागेल का’ असं लिहिलं, तर अक्का त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या सोफ्याकडे, पडद्याकडे, भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट करून एकेकाची किंमत विचारत सुटल्या. प्रत्येक उत्तरावर ‘जरा जास्त वाटते’ एवढंच म्हणायच्या. पाचव्या वस्तूला ती मुलगी रडकुंडीला आली. मला बघताना बरं वाटलं, हे मी कबूल करते.

मग मुरलीने यादी टाकली. वर्षभरात ‘विकला गेला’ एवढंच लिहून गेलेल्या सगळ्या वस्तू, समोर ग्रुपवर मागितलेली किंमत, आणि त्यापुढे मोकळा रकाना. खाली प्रश्न. हे व्यवहार बंद दाराआड का ठरतात? मधला फरक कुठे जातो? कुणी मध्ये कमिशन घेतं का? मी कुणावर आरोप करत नाही, असंही शेवटी होतं. अशी माणसं कधीच कुणावर आरोप करत नाहीत. आणि नवा अॅडमिन निवडायला मतदान.

अक्का गप्प. त्यांनी उत्तर दिलं नाही, मुरलीला बाहेर काढलं नाही, काही नाही. आणि ज्यांनी ज्यांनी दुसऱ्या किमतीत काही घेतलं होतं ते सगळेही गप्प. दिवसभर ती यादी तशीच, खाली एकेकाचे प्रश्न. ‘बरोबर आहे, हिशेब हवा.’ ‘मलाही शंका होती.’ दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये मी ताटावर बसून ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईने स्वतःच्या पायाने पाच इमारतींचे जिने झिजवले आणि हे तिला दलाल म्हणतायत! मी ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसले.

चांगलं लिहिलं होतं मी. त्याचंच तर वाईट वाटतं. कमिशन काय घेता, माझा पंधरा हजारांचा लॅपटॉप कावेरी मॅमनी तीन हजारांना द्यायला लावला, स्वतःला एक पैसा न घेता. आपल्याच वसाहतीत तीन घरी स्वयंपाक करणारी एक बाई चाळिशीत हिशेब शिकते आहे, या चुलीपासून सुटायचं म्हणून धडपडते आहे, तिच्यासाठी. लाज वाटू द्या. असं लिहिलं. नाव लिहिलं नाही. नाव नाही लिहिलं म्हणून मी स्वतःवर खूश होते, इतकी मी हुशार.

पाच मिनिटांत टाळ्यांचा पाऊस. जोडलेले हात, लाल बदाम. ‘मॅम, तुम्ही देव आहात.’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ मतदान तिथेच बारगळलं. मी जिंकले होते. जेवण गार झालेलं तेही मी चवीने खाल्लं.

मग त्याखाली दुसरंच सुरू झालं. कुणी लिहिलं, मी लॅपटॉप मागितला तेव्हा मला पंधरा सांगितले होते, मग तिला तीन कसे? कुणी लिहिलं, खरी गरज आहे याची खात्री केली होती का? आणि मुरलीने लिहिलं, ‘आमची मल्लिका?’

तीन घरी स्वयंपाक करणारी बाई वसाहतीत एकच होती. हे मला माहीत होतं. लिहिताना मला फक्त माझा राग माहीत होता.

मुरलीच्या बायकोने मल्लिकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, तू जाणारच आहेस तर आम्ही आत्ताच दुसरी बघतो, तुझं भलं होवो. अगदी गोड बोलून. दुसऱ्या घराने दोन दिवसांनी तेच केलं. तिसऱ्या घराने ठेवलं, पण तिला जुन्या कपड्यांचं एक गाठोडं दिलं आणि तिचा हात हातात घेऊन आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. खाली रखवालदारापासून वर गच्चीवर कपडे वाळवणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना तिने लॅपटॉप कितीला घेतला ते पाठ झालं होतं. लिफ्टमध्ये एकाने तिला विचारलं म्हणे, चालतो का नीट, तीन हजारांचा?

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर माझ्या दाराला ती कापडी पिशवी अडकवलेली. लॅपटॉप, गुंडाळलेली वायर. पैसे परत मागायला ती आली नाही.

मी पिशवी घेऊन तशीच अक्कांकडे धावले. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, कॉम्प्युटर बंद होता. मी बोलतच सुटले. मुरलीला शिव्या घातल्या, त्याच्या बायकोला घातल्या, मी नाव लिहिलं नव्हतं हे तीनदा सांगितलं, तो तुम्हाला कमिशनवाली म्हणाला ते मला कसं सहन होणार, असं म्हणाले. अक्कांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या,

“मज कमिशनवाली म्हणाले तर काय होतं हो? मज दोन वेळां भात मिळत होता, मिळत राहिला असता. तुम्ही माझा मान राखलांत. तिचा कोण राखणार होतं?”

त्यांची बोटं टेबलावर स्थिर होती. मी त्या वर्षभरात ती कधी स्थिर पाहिली नव्हती. माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं. मी म्हटलं, मी तिला भेटते, माफी मागते. अक्का म्हणाल्या, “काय कराल भेटून? आणखी एकदां तिला सांगाल, तुझ्यावर दया केली म्हणून? एवढं पोदुम.” पुरे. लॅपटॉप त्यांनी ठेवून घेतला नाही. त्या पेटीला हात लावला की तिला ते टाळ्या वाजवणारे दिसणार, म्हणाल्या.

त्यांनी ग्रुप सोडला. दाराशी टकटक बंद झाली. मुरली अॅडमिन झाला, आणि तो अजून आहे. ग्रुपवर आता कुणीही कशाखालीही लिहितं. परवा एका बाईने बाळाचा झोका टाकला, तर खाली सोळा जणांनी हिशेब केला. मी तिथे अजून आहे कारण कधीतरी कुणाला खाजगीत सांगता येतं, हवं असलं तर बोला, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पण वाचताना माझे दात एकमेकांवर घासतात. मुरलीचा राग येतो, टाळ्या वाजवणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो, आणि मग हे सगळे जिच्या एका मेसेजवर जमले होते तिचा येतो. तो उतरत नाही.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर अडीचेक महिन्यांनी, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत. सकाळी कामावर जाताना मी स्कूटरवर सिग्नलला थांबले होते. पलीकडे पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं गेट. गेटच्या बाहेर उन्हात दोघी उभ्या होत्या. मल्लिकाने निळी सुती साडी नेसली होती, कडक इस्त्रीची, छातीशी प्लास्टिकची फाइल धरली होती. अक्कांनी छत्री स्वतःवर न धरता तिच्यावर धरली होती आणि दुसऱ्या हाताची बोटं हवेत चालवून काहीतरी समजावत होत्या. मल्लिका मान हलवत होती. म्हणजे ती शिकत राहिली होती, अक्कांच्या घरच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर असणार, आमच्यातल्या कुणालाही न कळता.

सिग्नल सुटला आणि मी स्कूटर बाजूला घेतली. मला पळत जाऊन तिचा हात धरायचा होता, शुभेच्छा द्यायच्या होत्या, चुकलं म्हणायचं होतं. हेल्मेट काढून मी पाऊल टाकलं तेवढ्यात अक्कांनी मला पाहिलं. त्यांनी छत्री जराशी तिरकी केली, मल्लिका मला दिसेनाशी झाली. आणि त्यांनी मान हलवली. रागाने नाही. फक्त नको म्हणून.

मी हेल्मेट घातलं आणि कामावर गेले. पुढच्याच महिन्यात अक्कांच्या मुलाची कोइम्बतूरला बदली झाली आणि त्या गेल्या. मला निरोप आला नाही, यायचं कारणही नव्हतं. मल्लिकाने तिसरं घरही सोडलं. तिला ती जागा मिळाली का, ते मला माहीत नाही. कारखान्याचं गेट माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तिथला रखवालदार आता ओळखीने हात करतो, त्याला एक प्रश्न विचारला तर मिनिटभरात कळेल. मी अजून विचारलेलं नाही.